पंखा बंद करायला सांगू नका, बिलाचं गणित मांडा

उन्हाळा लागला की दोन गोष्टी न चुकता येतात. एक, वाढलेलं वीजबिल. दुसरी, 'बिल निम्म्यावर आणण्याचे दहा सोपे उपाय' हा मेसेज. यंदाही तो सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. फ्रीजचं दार सारखं उघडू नका. एसी २४ वर ठेवा. डाळ आधी भिजवा, कुकर वापरा, गॅस बारीक ठेवा. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि 'बचत हीच कमाई'.

सल्ला चुकीचा नाही. फक्त पत्ता चुकलाय.

सातपूरच्या श्रमिकनगरात, अंबडच्या चुंचाळ्यात दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला तुम्ही एसी २४ वर ठेवायला सांगताय. त्याच्याकडे एक पंखा, एक ट्यूब, मोबाईलचा चार्जर आणि फार तर एक जुना टीव्ही. तो बंद काय करणार? दुपारी पत्रा तापल्यावर पंखा बंद केला तर लेकरू रडून घर डोक्यावर घेतं. आणि डाळ भिजवायची हे त्या घरातल्या बाईला शिकवायला तुम्ही निघालात? सिलिंडर दीड महिना कसा पुरवायचा यावर ती तुमचा क्लास घेईल.

काटकसर करण्यासारखी होती ती या घरांनी कधीच करून झाली. तरी बिल झेपत नाही. याचं कारण त्यांच्या सवयीत शोधण्याऐवजी बिलात शोधू. चला, बिल उघडा. गणित सोपं आहे, पाचवीच्या पोराला जमेल एवढंच.

महावितरणचं २०२४-२५ चं घरगुती दरपत्रक घेतो. पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे. १०१ ते ३०० युनिटला १० रुपये २९ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, म्हणून तो बाजूला ठेवू. आता चार घरं घ्या.

३० युनिट वापरणारं घर : बिल साधारण ३५३ रुपये. म्हणजे युनिटला ११ रुपये ७७ पैसे.
६० युनिट : साधारण ५५८ रुपये. युनिटला ९ रुपये ३० पैसे.
१०० युनिट : साधारण ८३१ रुपये. युनिटला ८ रुपये ३१ पैसे.
२०० युनिट : साधारण २१६० रुपये. युनिटला १० रुपये ८० पैसे.

पहिली आणि शेवटची ओळ परत वाचा. एकटी राहणारी म्हातारी, एक पंखा आणि एक बल्ब, महिन्याला ३० युनिट. तिला एक युनिट पडतं पावणेबारा रुपयांना. आणि फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर असलेल्या २०० युनिटच्या घराला पडतं पावणेअकराला. सगळ्यात कमी वीज वापरणारी सगळ्यात महाग वीज घेते आहे!

हे कुठून आलं? स्थिर आकारातून. एक युनिट जाळा नाहीतर दोनशे, १२८ रुपये सगळ्यांना सारखेच. त्यावर शुल्क धरलं की झाले १४८. म्हातारीच्या बिलातले शेकडा ४२ रुपये या एका रकान्याचे आहेत. तिने महिनाभर अंधारात बसायचं ठरवलं तरी हे १४८ रुपये सुटत नाहीत. आता सांगा, तिला 'दिवा बंद करा' म्हणणाऱ्याने हे बिल कधी वाचलंय का?

'दारिद्र्यरेषेखालच्यांना वेगळा दर आहे की!' असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. आहे. पण त्यासाठी त्या यादीत नाव लागतं आणि महिन्याला साधारण ३० युनिटच्या आत राहावं लागतं. यादीबाहेरच्या गरिबाने काय करायचं? आणि यादीतल्याने घरात एक जुना फ्रीज आणला की तो लगेच श्रीमंत झाला का?

दुसरं कुणीतरी म्हणेल, 'तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च वापरावर थोडाच अवलंबून असतो? तो स्थिरच असतो.' मुद्दा रास्त आहे. खर्च कुणीतरी भरायलाच हवा. पण एका पंख्याच्या खोलीसाठी लागणारी तार आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी लागणारी तार यांचा भार सारखा नसतो, मग आकार सारखा का? एसटीत मांडीवरच्या पोराचं आणि तीन पोती घेऊन चढलेल्या व्यापाऱ्याचं तिकीट कंडक्टर एक फाडत नाही.

त्यानंतर दरपत्रक बदललं आहे, पुढेही बदलेल. आकडे काही पैशांनी इकडेतिकडे सरकतील. रचना तीच आहे आणि माझं भांडण रचनेशी आहे.

आता भाडेकरूंकडे या. कारण वरचं गणित निदान ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचं झालं. आपल्या कामगार वस्तीत निम्म्या लोकांकडे तेही नाही.

एका चाळीत चार खोल्या, मीटर एक, मालकाच्या नावावर. प्रत्येक खोलीला सबमीटर. महिन्याच्या पाच तारखेला मालकाचा पोरगा वही घेऊन येतो, आकडा लिहितो आणि युनिटला सरसकट बारा रुपये लावतो. आपल्या भागात कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा. पावती नाही, बिल दाखवणं नाही.

चार खोल्यांचे प्रत्येकी ६० म्हणजे २४० युनिट. एका मीटरवर आल्यामुळे त्यातले १४० युनिट वरच्या टप्प्यात जातात. मालकाला बिल येतं साधारण २६९२ रुपये. बारा रुपयांनी तो गोळा करतो २८८०. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "बिलच वरच्या टप्प्यात जातं भाऊ, मी काय खिशातून भरू?" त्याचंही खोटं नाही. त्याला युनिट सव्वाअकराला पडलंय. चौघांना चार मीटर असते तर चौघांची मिळून बिलं झाली असती २२३१ रुपये.

म्हणजे भाडेकरू ६० युनिटचे ७२० रुपये देतो. स्वतःचा मीटर असता तर दिले असते ५५८. महिन्याला १६२ रुपये जास्त. वर्षाला १९४४. गॅसच्या साडेआठशेच्या भावाने दोन सिलिंडर आले असते यात, वर भाजीला पैसे उरले असते. दहा सोप्या उपायांतला कोणता उपाय वर्षाला दोन सिलिंडर वाचवतो ते मला सांगा.

आणि हे सगळं कायद्याच्या नाकावर टिच्चून चाललंय. वीज कायदा २००३, कलम ४३. जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तरी वीज देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ताबेदार म्हणजे राहणारा. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात स्वच्छ सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, मालकाने ना हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला जोडणी नाकारता येत नाही. कंपनीने फक्त एवढंच पाहायचं की अर्जदार त्या जागेत राहतो की नाही. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं की मालकाने पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडायच्या नाहीत.

मग खिडकीवर जाऊन बघा. पहिला प्रश्न, "मालकाची एनओसी आणली का?" सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खिडकीपर्यंत पोचलेलाच नाही. आणि भाडेकरूही भांडत नाही, कारण करार अकरा महिन्यांचा. मीटर मागितला तर बारावा महिना दुसरीकडे शोधायचा. कायदा त्याच्या बाजूने आहे, खोली मालकाच्या बाजूने आहे. माणूस रात्री कायद्यात झोपत नाही, खोलीत झोपतो.

आता गॅस.

गॅसच्या बाबतीत आपल्याला सवयच लागली आहे, दोनशे वाढवायचे, शंभर कमी करायचे, आणि शंभर कमी केल्याबद्दल टाळ्या घ्यायच्या. मार्च २०२३ मध्ये सिलिंडर अकराशेच्या वर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० कमी झाले. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, आणखी १०० कमी. एप्रिल २०२५ मध्ये परत ५० वाढले, उज्ज्वलावाल्यांनाही. आणि मे २०२० पासून सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यात अनुदान येणं जवळपास बंद झालं, त्याची घोषणा कुणी पत्रकार परिषद घेऊन केली नाही. २०१५ मध्ये 'गिव्ह इट अप' म्हणून श्रीमंतांना अनुदान सोडायचं आवाहन केलं होतं. पाच वर्षांत सगळ्यांचंच सुटलं, न विचारता.

राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना २०२४ ला आली. उज्ज्वला आणि लाडकी बहीण यांच्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. चांगली गोष्ट आहे, मिळाली त्या घराला आधार झाला, हे मान्य करायला माझं काही जात नाही. पण त्यातली मेख बघा. जोडणी बाईच्या नावावर हवी. आणि सिलिंडर आधी पूर्ण पैसे मोजून घ्यायचा, पैसे मागाहून खात्यात. ज्या घरात पंचवीस तारखेला साडेआठशे रुपये एकरकमी निघत नाहीत, त्या घरासाठी 'मागाहून' हा शब्द 'नाही' इतकाच लांब असतो.

आणि ज्यांच्या नावावर जोडणीच नाही ते? विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून एमआयडीसीत आलेली पोरं. ती पाच किलोची छोटी टाकी घेऊन गल्लीतल्या दुकानात जातात आणि किलोवर गॅस भरून आणतात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे साडेआठशेच्या भावाने किलोला साधारण साठ रुपये. गल्लीतल्या दुकानात तोच गॅस किलोमागे कितीतरी जास्त भावाने मिळतो, वजनाची खात्री नाही, आणि एका सिलिंडरमधून दुसऱ्यात भरताना गल्ली उडायची भीती वेगळी. रीतसर मिळणारी पाच किलोची टाकी आहे, पण ती व्यावसायिक भावाने. तिच्यावर जीएसटी १८ टक्के, घरगुतीवर ५. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाने सगळ्यात महाग गॅस घ्यायचा.

पॅटर्न दिसतोय ना? कमी युनिट, महाग दर. भाड्याची खोली, महाग दर. छोटी टाकी, महाग दर. बिल सात दिवसांत भरलं तर १ टक्का सूट, मुदत चुकली तर सव्वा टक्का विलंब आकार. रक्कम पाच-दहा रुपयांची आहे, पण सूट कुणाला आणि दंड कुणाला जातो ते बघा. पगार सात तारखेला आणि बिलाची मुदत चार तारखेला असेल तर आळशी कोण, माणूस की कॅलेंडर?

छतावर सोलर लावा म्हणतात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे. उत्तम योजना. फक्त छत स्वतःचं लागतं. ज्याच्याकडे छत आहे त्याचं बिल शून्याकडे जाणार, ज्याच्या डोक्यावर भाड्याचा पत्रा आहे तो त्याच पत्र्याखाली घामाघूम होऊन पूर्ण दर भरणार.

पंख्याचंच घ्या. जुना पंखा ७५ वॅटचा. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. १६ युनिटची बचत. वरच्या टप्प्यात असलेल्या घराचे यात महिन्याला दोनशेच्या वर रुपये वाचतात. पण हा पंखा अडीच-तीन हजारांना येतो. साठ युनिटवाल्याकडे ते पैसे एकदम नाहीत. म्हणून तो जुनाच पंखा चालवतो आणि तीन हजार हप्त्याहप्त्याने वीजबिलातून भरत राहतो. २०१५ मध्ये उजाला योजनेने एलईडी बल्ब घाऊक खरेदी करून स्वस्तात घरोघर पोचवले होते. बल्बला जमलं ते पंख्याला जोमाने का होऊ नये?

आता एवढं वाचलंत तर कामाचं पण घेऊन जा. नुसतं बोंबलून बिल कमी होत नाही.

१) 'शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने' ही अफवा आहे. आपल्याकडे वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण ते प्रत्येक वरचं युनिट वर दिलेल्या दराने, शुल्क धरून १३ रुपये २९ पैशांना पडतं, खालचं ६ रुपये ८२ पैशांना. म्हणून तुम्ही शंभरच्या आसपास असाल तर दर रविवारी मीटर बघा. शेवटच्या आठवड्यातली इस्त्री आणि गीझर दुप्पट महाग असतात.

२) बिलावरचा मीटरचा फोटो आणि आकडा तुमच्या मीटरशी ताडून बघा. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं आणि पुढे दोन-तीन महिन्यांचं एकत्र आलं, तर तितक्या महिन्यांचे टप्पे मिळालेच पाहिजेत. तीन महिन्यांचे युनिट एकाच महिन्याचे समजून वरचा दर लावला असेल तर लेखी हरकत घ्या.

३) बिल अंगावर आलं म्हणून लगेच तार तोडता येत नाही. कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाचा वाद असेल तर हरकत नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी ती भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

४) दोन वर्षांपेक्षा जुनी, मधल्या बिलांत कधी न दाखवलेली थकबाकी अचानक काढली तर तीही त्याच कलमाने वसूल करता येत नाही.

५) सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं ते फसवणूक नाही, पण त्या ठेवीवर दरवर्षी व्याज मिळणं हा तुमचा हक्क आहे. बिलात जमा झालंय का ते पाहा.

६) आधी १९१२ वर तक्रार, क्रमांक लिहून घ्या. मग लेखी. मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. मराठीत साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं.

७) गॅस सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त पैसे देणं बंधनकारक नाही. पोऱ्याने तिसऱ्या मजल्यावर टाकी चढवली आणि तुम्ही खुशीने वीस रुपये दिले तर ती माणुसकी. पण मागून घेतले तर ती वसुली. आणि गॅसचा वास आला तर १९०६.

आता मागण्या. फुकट वीज मागत नाहीये, आधीच सांगतो. म्हणजे 'टॅक्स आम्ही भरतो' वाले इथेच थांबतील.

एक, स्थिर आकार वापराच्या टप्प्याप्रमाणे ठेवा. ५० युनिटच्या आतल्याला नाममात्र, ३०० च्या वरच्याला जास्त. कंपनीची एकूण वसुली तेवढीच राहू द्या, ओझ्याची वाटणी बदला.

दोन, भाडेकरूला भाडेकराराच्या किंवा राहत असल्याच्या पुराव्यावर मीटर द्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मराठीत छापून प्रत्येक उपविभागाच्या खिडकीवर लावा. कर्नाटकात गृहज्योती योजनेत भाडेकरूंनाही धरलं. आपण निदान त्यांना ग्राहक तरी म्हणू.

तीन, जिथे सबमीटर आहेत तिथे मालकाने मूळ बिलाची प्रत दाखवणं सक्तीचं करा.

चार, अन्नपूर्णाचे पैसे मागाहून खात्यात देण्याऐवजी सिलिंडर घेतानाच वजा करा.

यातलं पहिलं काम मंत्र्याच्या दारात जाऊन होणार नाही. वीजदर वीज नियामक आयोग ठरवतो आणि दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती मागवणं त्याला कायद्याने भाग आहे. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षं तिथे जाऊन भांडतात. उद्योगवाल्यांच्या संघटना जाड फायली आणि सल्लागार घेऊन जातात. एक पंखा आणि एक ट्यूबवाल्याची हरकत तिथे कोण नेतं? कुणी नाही. म्हणून त्याचं गणित तिथे मांडलंच जात नाही आणि १२८ चा आकडा बिनविरोध पास होतो.

पुढच्या वेळी आयोगाची जाहीर सूचना पेपरात आली की मी इथे टाकीन. आपल्या भागातून निदान शंभर हरकती गेल्या पाहिजेत. मजकूर मी लिहून देतो, तुम्ही फक्त तुमच्या बिलाची झेरॉक्स जोडा. भाडेकरू असाल तर सबमीटरच्या वहीच्या पानाचा फोटो जोडा, नाव झाकून चालेल.

तोवर एवढंच करा. आज रात्री घरातलं शेवटचं बिल काढा. एकूण रकमेला युनिटने भागा. तुम्हाला एक युनिट कितीला पडतं तो आकडा खाली कमेंटमध्ये लिहा, सोबत 'स्वतःचा मीटर' की 'सबमीटर' तेवढं टाका. पक्ष कुठला, जात कुठली, मत कुणाला दिलं, काही लिहू नका. नुसता आकडा. तो आकडा कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलेल.

कॉपी-पेस्ट करा, नाव नाही टाकलं तरी चालेल. गणित चुकलं असेल असं वाटलं तर कॅल्क्युलेटर घेऊन या, स्वागत आहे.

#वीजबिल #गॅसदर #भाडेकरूलामीटर #सातपूर #अंबड #नाशिक